जोडपत्रात गेलेला दात

अर्जदार: कु. गुंजन, वय सहा वर्षे, राहणार महाल, नागपूर. गहाळ वस्तू: खालचा दुधाचा दात, नग एक, आयुष्यात पडलेला पहिलाच. वार सोमवार, वेळ सकाळी साडेअकरा. साक्षीदार: आई वनिताबाई व झेरॉक्सवाले नारायणराव. गैरअर्जदार: प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, अनुभव बावीस वर्षे.

माझे टेबल शासकीय कार्यालयाच्या फाटकाबाहेर असते. गुंजनचे नाव रेशनकार्डात चढवायचे होते. मी अर्ज लिहीत असताना तिने चिक्की चावली आणि दात तळहातावर आला. मी तो कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधून टेबलावर ठेवला. घरी जाऊन छपराच्या कवेलूवर फेकायचा, म्हणजे उंदीर नवा देतो, असे आईने तिला सांगितले.

अर्जासोबत जे लावतात त्याला जोडपत्र म्हणतात. फोटो सुटा पडू नये म्हणून मी त्याचीही पुडी करून स्टेपल मारतो. ही माझी स्वतःची पद्धत असून तिचा मला अभिमान होता. त्या दिवशी टेबलावर दोन पुड्या झाल्या.

वनिताबाई आवक खिडकीत अर्ज देऊन, पोचेचा शिक्का घेऊन परतल्या. गुंजनने उरलेली पुडी उघडली.

"हा तं मीच हाय," ती म्हणाली. "माहा दात कुठं हाय?"

फोटोत तो दात शाबूत होता. ती रडू लागली.

"काहून रडून राहिली वं?" नारायणराव म्हणाले. "दात सरकारजमा झाला का?"

"उंदराले काय देऊ मी आता? मले दातच नाही येनार!"

"राहू द्या भाऊ," वनिताबाई म्हणाल्या, "समजावते मी तिले."

परंतु चूक माझी होती. मी फोटो घेऊन खिडकीवर गेलो.

"आवक झालेला कागद परत मिळत नाही," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. "रीतसर अर्ज करा."

"कागद नाही मॅडम, दात आहे."

"कोणाचा?"

मी उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. विषय: अनवधानाने जोडपत्र म्हणून दाखल झालेला दुधाचा दात परत मिळणेबाबत. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"फोटोच्या जागी दात! सरळ त्रुटीत जाते हे प्रकरण. माहीत आहे न तुम्हाले?"

त्रुटी म्हणजे चूक काढून अर्ज माघारी पाठवणे. मग पुन्हा पहिल्यापासून. 

गठ्ठा वरच्या मजल्यावर गेला होता. मॅडमनी जेवायला उघडलेला डबा झाकला, स्वतः वर गेल्या, पुडी सोडवली आणि तिथे फोटो लावला. मग फाटकापर्यंत चालत आल्या.

"घे वं बाई. पाहून घे, तुहाच हाय न?"

गुंजनने पुडी उघडून खात्री केली. "हो. याच्यावर चिक्की लागली हाय."

"उंदराले सांगजो, मजबूत दे म्हना."

पुढे कार्ड घ्यायला आली तेव्हा गुंजनने तोंड उघडून नव्या दाताचे पांढरे टोक प्रथम मला व नंतर खिडकीवर जाऊन मॅडमना दाखवले. आता मी प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते लिहितो. बावीस वर्षांनी का होईना, पद्धत पूर्ण झाली.

त्याच दिवशी मी आभारपत्र खिडकीवर नेले. मॅडम म्हणाल्या, "याच्यावर कार्यवाही काय करू मी? घेऊन जा गा भाऊ."

सबब, ते आभार येथे जाहीररीत्या दाखल करीत आहे. मॅडमनी ते स्वीकारावेत आणि या खेपेस माघारी न पाठवता पोच द्यावी, ही नम्र विनंती.