सात शेरांचा फरक

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच बळकावलेलं आहे. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली आणि पानसुपारी फिरली की भावाची मुलं म्हणतात, "काका, गुळाची सांगा." काकांना एवढंच हवं असतं. ते टोपी मागं सरकवतात, उगाच दोनदा खाकरतात आणि सुरू होतात.

गुळाची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही. पण ती मी कायम अर्धीच सांगतो. जिथं सगळे हसतात तिथं थांबतो आणि तांब्या तोंडाला लावतो. राहिलेली अर्धी इथं लिहून ठेवतो आहे. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा कुठंतरी कोटी करीन. ही खोड मला चांगली ठाऊक आहे, आणि खरं म्हणजे ही गोष्ट त्या खोडीचीच आहे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मी वऱ्हाडात जऊळक्याला होतो. स्टेशनाजवळच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात कापूस तोलायचं काम होतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आजूबाजूच्या गावांच्या गाड्या यायच्या आणि मी मोठ्या काट्यापाशी असा उभा राहायचो, जणू त्या कापसाला बोंड मीच आणलं. माझं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. ओला कापूस मला फसवू शकत नसे. वजन वाढावं म्हणून काही लोक कापसावर पाणी शिंपडून आणतात. वरून तो पांढराशुभ्र, कोरडा दिसतो. मी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायचो, आतली एक सरकी काढून दाताखाली धरायचो. कट् वाजली तर माल कोरडा. मऊ गेली तर मी गाडीवानाकडे बघून म्हणायचो, "बाप्पा, कापूस आणला का विहीर आणली?" लोक हसायचे. गाडीवान सोडून.

काट्यावर माझा जोडीदार एक म्हातारा मुसलमान हमाल होता. सगळा बाजार त्याला चाचा म्हणायचा, मीही म्हणायचो. मी जेवढा बोलका, तेवढा तो मुका. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. माझ्या आईनं मारोतीला नवस केला होता, की सुनेला दिवस गेले तर सातव्या महिन्यात तिच्या वजनाइतका गूळ तोलून गावात वाटीन. सहाव्या वर्षाच्या पावसाळ्यात दिवस गेले. आई रोज माझ्या मागं लागायची, "गूळ किती आणाचा ते सांग नं लेका. तू मोठा तोलणारा लागून गेला!"

संक्रांतीनंतर एका दुपारी, आवारात गाड्या नसताना, मी बायकोला मोठ्या काट्यावर बसवलं. ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून पारड्यात अशी बसली, की जणू आम्ही तिला विकायलाच काढलं होतं. चाचानं वजनं चढवली. एक मण सहा शेर. दोनदा तोलून पाहिलं. अंगानं ती बारीकच होती.

मी शिरपूरच्या बाजारातून मोजून शेहेचाळीस शेर गूळ आणला. एक ढेपही जास्त नाही. बरोबर तेवढाच आणण्यात माझी शान होती.

तोललं त्या दिवसापासून नवसाच्या तुलेला तेरा दिवस होते. त्या दिवसांत बायकोचं अंग भरायला लागलं. गाल वर आले, हात गोल झाले. जोडवी रुतायला लागली, तेव्हा आईनं तेल लावून, दोरा गुंडाळून ती काढली. आई सगळ्यांना सांगत होती, "सुनेनं अंग धरलं, पाहा. माह्या हातचं लागून राह्यलं तिले." सुईण म्हणाली, चेहरा भरला म्हणजे पोरगा होणार. मला तर दोन्हीकडून आनंद. सहा वर्षं बायको काडीसारखी म्हणून लोकांची बोलणी खाल्ली होती. आता तिला दारात उभी पाहिली की माझीच छाती फुगायची.

तुलेच्या आदल्या दिवशी मी कामावर निघालो होतो. ती दारापाशी आली आणि हळूच म्हणाली, "अवो, डोकं लय ठणकून राह्यलं चार दिवसांपासून. आन् डोळ्यापुढं चांदण्या दिसते. भरदिवसा."

"चांदण्या?" मी म्हणालो. "मंग मोजून ठेव. घरी आलो का सांग किती झाल्या ते."

आणि हसत हसत मी गेलो. त्या दिवशी हे बोलणं मला इतकं आवडलं, की बाजारात जाऊन मी ते चौघांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीच्या पारापुढं मोठा काटा उभा केला. व्यापाऱ्यानं तो एका दिवसासाठी दिला होता. सगळं गाव जमलं. एका पारड्यात बायको बसली, दुसऱ्यात मी एकेक ढेप रचत गेलो. शेवटची ढेप ठेवली आणि मोठ्या ऐटीत हात सोडला.

गुळाचं पारडं वरच राहिलं. बायको जमिनीवर.

 मग माझी मावशी म्हणाली, "काय रे, बाजारातबी असाच तोलते का तू?" झालं, हशा सुरू झाला. वाण्याकडून आणखी गूळ आणावा लागला. एक एक भेली टाकत गेलो. पारडी समोरासमोर आली तेव्हा सात शेर जास्तीचा गूळ चढला होता.

चाचा काट्याच्या खांबाला धरून उभा होता. तो बायकोच्या पायांकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, तेरा दिवसांत सात शेर? कापूस राह्यला असता तं तू वापस केला असता."

चाचा बोलला हेच लोकांना नवल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा काय म्हणतो? मी म्हणालो, "चाचा, हा माल एकदा घेतला का वापस होत नाही!"

पार हादरेल असे लोक हसले. बायकोही पदराआड हसली. चाचा तेवढा हसला नाही. त्याला विनोद कळत नाही, असं मला वाटलं.

आईचा चेहरा मात्र उतरला होता. नवसाचा गूळ कमी पडला, हे काही चांगलं लक्षण नाही, असं कुणीतरी मागं पुटपुटलं होतं. ती म्हणाली, "लेका, मंग पयले काहून कमी भरलं?"

तिचं तोंड पाहून मी म्हणालो, "माहीच चूक झाली, माय. पयल्यांदा तोलताना बायकोकडं पाह्यत होतो, काट्याकडं नाही."

पुन्हा हशा. आईला बरं वाटलं. गूळ वाटला गेला. मी घरी सांगतो ती गोष्ट इथं संपते.

पण माझी चूक झाली नव्हती. दोनदा तोलून घेतलेलं वजन होतं ते, आणि चाचा साक्षीला होता. तेव्हा दोनच गोष्टी शक्य होत्या: माझा काटा खोटा, किंवा हाडामांसाच्या बाईचं वजन तेरा दिवसांत सात शेर वाढलं. काटा खोटा नव्हता, हे मला पुरतं माहीत होतं. मग दुसऱ्या गोष्टीचा अर्थ काय, एवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर! कापसाच्या बाबतीत तो मी दिवसातून पन्नास वेळा विचारत होतो.

तुलेनंतर नवव्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती परातीवर कोसळली. दातखिळी बसली, हातपाय ताठ झाले, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. तोंडाला फेस आला. शेजारच्या बायका धावल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी म्हणालं, पारावर इतक्या लोकांची नजर लागली, भगताला आणा. भगताला आणायला माणूस गेला. मी दारात बसून त्याची वाट बघत राहिलो. अकोल्याकडे जाणारी सकाळची गाडी माझ्या डोळ्यांदेखत शिटी देऊन निघून गेली. स्टेशन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती गाडी मी बसल्या जागेवरून पाहिली.

भगत आला, लिंबू कापून गेला. तिला दुसऱ्यांदा झटके आले. तेवढ्यात चाचा आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. "बाज उचला," एवढंच म्हणाला. चौघांनी बायकोला बाजेसकट स्टेशनावर नेलं. दुपारच्या गाडीच्या गार्डानं बाज मालाच्या डब्यात चढवू दिली. चाचाही आमच्याबरोबर चढला. अकोल्यापर्यंत मी तिचं डोकं धरून बसलो होतो. त्या वाटेत मला एकही विनोद सुचला नाही, तेवढं मात्र माझ्या जमेला लिहायला हरकत नाही.

अकोल्याला बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बायकोच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि काचेच्या नळीतला पारा बघत राहिल्या. मग तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथला खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा.

"रक्ताचा दाब फार चढला आहे," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात असं होतं. अंगावर पाणी धरतं, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं चमकतं. वेळेवर आणलं तर पुष्कळदा सांभाळता येतं. ही सूज कधीपासून आहे?"

मी सांगितलं. तुलेच्या आधीच्या तेरा दिवसांत सात शेर वजन वाढलं, हेही सांगितलं.

"इतकं नेमकं कसं सांगता?"

"मी काट्यावर असतो. कापूस तोलतो."

त्या म्हणाल्या, "मग तेरा दिवसांत सात शेर कशाचे वाढले, असं वाटलं तुम्हाला?"

"पाणी," मी म्हणालो.

मला विचार करावा लागला नाही. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, किती दिवसांपासून होतं कोण जाणे. त्या पट्टा सोडून आत गेल्या.

मुलगी झाली. गेलेलीच आली. बायको शुद्धीवर नव्हती. मी आणि चाचानं मुलीला नेऊन मातीत ठेवलं. बायको तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, आणि पाचव्या दिवसापर्यंत तिला नीट दिसत नव्हतं. आवाजावरून माणूस ओळखायची. पोट चाचपून तिला कळलं. मला तिनं एवढंच विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "पोरगी." त्यापुढं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, या वेळी वाचली, पुढचं सांगता येत नाही. ते आम्ही पाळलं. भावाची मुलंच आमची मुलं झाली.

आणि गुळाची गोष्ट? ती कशी सुरू झाली ते मलाही सांगता येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी म्हणालं, अरे, तुझा काटा चुकला होता ना तेव्हा? मी हो म्हणालो आणि रंगवून सांगितलं. पुढची अर्धी त्या हशाखाली दाबून ठेवायला मला ते सोयीचं पडलं. त्या वेळी बायको खोलीत असली तरी उठून जायची नाही. ऐकायची.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या बायकोचं सातव्या महिन्याचं जेवण झालं. पंगत उठल्यावर फर्माईश झालीच, आणि काकांनी गुळाची सांगितली. सगळे हसले, पोटुशी सूनही हसली. मला ते हसणं त्या दिवशी सोसेना. मी उठून मागच्या अंगणात गेलो. बायको सुपात तूर निवडत बसली होती. मी तिच्याजवळ टेकलो.

"एक सांगतो," मी म्हणालो. "तवा काटा चुकला नव्हता."

"मालूम हाय मले."

"कवापासून?"

"तवापासून. तुमचा काटा कवा चुकला?" खडा काढून तिनं बाजूला टाकला. "पाय माहे होते. सूज मले दिसत नव्हती का?"

"मंग बोलली काहून नाही तू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "बोलली ना. तुमी हासले."

मी तिच्या सुपातला एक खडा वेचला.  थोड्या वेळानं, सूप हलवायचं थांबवून, पण मान वर न करता तिनं विचारलं, "तिले केस होते का?"

कुणाबद्दल ते मला लगेच कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं होतं. मी पाहिली होती, तिनं नव्हती.

"होते," मी म्हणालो. "काळे. कानाच्या खाली आलते."

"आन् रंग?"

"तुह्यासारखा."

आतून पोरं मला हाका मारत होती. मी ओ दिली नाही. ती विचारत होती तोवर मी सांगत बसलो.