आबांची शनिवारची गाणी

कार्यक्रमाच्या कामांची यादी हातात घेऊन मी मांडवामागे गेले. तिथे पोरं जाळावर हलगी तापवत होती. तापल्या चामड्याचा वास आला आणि मला कामशेतजवळची आमची वस्ती आठवली.

बौद्ध झाल्यावर माझ्या आजोबांनी, आबांनी, देवळापुढे हलगी वाजवणं सोडलं होतं. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी ते पटांगणात फुकट गायचे, आमच्याच दुःखाची गाणी. मी लहान असताना एका वैशाखात गावाने बजावलं, "जत्रंत वाजव, न्हाईतर तुमच्या बायका विहिरीवर दिसता कामा न्हाईत." आणि त्याच दिवसापासून आम्हाला विहीर बंद केली.

जत्रेच्या शनिवारी आबा नेहमीसारखे हलगी तापवत बसले. आई पुढे झाली.

"आबा, लेकरं डबक्यातलं पानी पित्यात."

"मग, गाऊ नको म्हनतीस?"

"गा की. पर तितं बी वाजवा."

"तितं वाजवून आल्यावर हितं कुठल्या तोंडानं गाऊ, पोरी?"

आईने हंडा त्यांच्यापुढे आणून ठेवला. आबा उठले आणि हलगी घेऊन देवळाकडे निघाले. रिकामा हंडा उचलून आई विहिरीच्या वाटेला लागली. पाणी मिळणार म्हणून मी उड्या मारत होते. वस्तीतल्या एकाही बाईने आबांकडे मान वर करून पाहिलं नाही, हे मला आता दिसतं.