खंडेनवमीचा फोटो

"तिथंच थांब. आत पोरं हायत," मालकीणबाई म्हणाल्या.

मी चपलांच्या स्टँडजवळ उभी राहिले. याच दारात, याच बाईंनी माझी ओटी भरली होती. आता मी ड्रग्जवाल्याची बायको. चहा कागदी कपात आला. पूर्वी कपबशीत यायचा.

मालकांना मी दादा म्हणायचे. दर भाऊबीजेला ओवाळलंय त्यांना. त्यांनीच मला बोलावलं होतं.

"ताई, हायकोर्टातला अर्ज मागं घे. उकरून काय मिळणार हाय?"

आम्ही लातूरकडचे. हे चाकणला दादांच्या केमिकलच्या शेडमध्ये ऑपरेटर. बारा तासांची शिफ्ट, व्हॉल्व्ह फिरवायचे. खंडेनवमीला मशीनची पूजा मालकानं करायची, अशी तिथली रीत. त्या वर्षी दादा म्हणाले, "यंदा तुमी दोघं जोडीनं बसा." यांना फेटा बांधला. छातीवर बिल्ला लावला, उत्पादन प्रमुख. पगार तोच. नारळ यांनी फोडला, दादा मागे यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. फोटो निघाला. शेजारच्या बाया मला इन्चार्जीणबाई म्हणून चिडवायच्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. तो फोटो फ्रेम करून मी देव्हाऱ्याशेजारी टांगला.

पुढे शेडवर छापा पडला. आत नशेची पावडर बनत होती. यांना वेगळा वास आला होता. एकदा विचारलंही होतं. दादा म्हणाले, "औषधाचा कच्चा माल हाय." यांनी पुन्हा विचारलं नाही. तो यांचा गुन्हा. मी झाकत नाही.

छाप्यानंतर कुठूनसा भाडेकरार निघाला. म्हणे शेड बाहेरच्या पार्टीला दिलेली, पार्टी फरार, दादांना काही ठाऊकच नाही. पोलीस घरी आले तेव्हा मी अडाणचोट बाई, भिंतीवरचा फोटो स्वतः काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "बघा साहेब, मालकांचा यांच्यावर किती विश्वास आहे." तोच फोटो कोर्टात यांच्याविरुद्ध लागला. दादा साक्षीला आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उत्पादन तेच बघायचे."

आग लागो त्या ओवाळण्याला.

शिक्षा सांगताना न्यायाधीश म्हणाले, आरोपी पगारी माणूस दिसतो, पण कायद्यात कमीत कमी दहा वर्षं आहेत. त्याखाली उतरायचा मला अधिकार नाही. दहा वर्षं! माझी लेक सातवीत आहे.

वकीलबाईंनी समजावलं. माल एवढा सापडला की धंदा करणारा असो नाहीतर व्हॉल्व्ह फिरवणारा, दोघांना दहाच्या खाली सुटका नाही. कुणाचा वाटा किती, हे तोलून शिक्षा उतरवायची मुभा न्यायाधीशालाच नाही. हे राज्यघटनेतल्या समानतेत बसतं का, ते हायकोर्टाला विचारायचं. असे अर्ज आधी फेटाळले गेलेत, हेही त्यांनी लपवलं नाही. मी म्हटलं, विचारू तर खरं. अर्ज यांच्या नावानं गेला.

वाटा तोलायला बसलं तर मालकाचाही वाटा निघणार. तोच अर्ज मागे घे म्हणत होते दादा. "पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो. व्हय म्हण."

क्षणभर डोळ्यांपुढे लेक आली. मग पायाजवळच्या चपला दिसल्या. कप तसाच भरलेला स्टँडवर ठेवला.

"दादा, त्या फोटोत यांच्या खांद्यावर हात कुणाचा आहे?"

मालकीणबाई आतून ओरडल्या, "हिला घालवा आधी!"

"ताई, जपून बोल," दादा म्हणाले.

"ताई म्हणू नका मला."

दुसऱ्या दिवशी मी फोटोवाल्याकडून त्याच फोटोची दुसरी प्रत काढून वकीलबाईंकडे नेली. सोबत माझं प्रतिज्ञापत्र दिलं. पूजेला कुणी बसवलं, बिल्ला कुणी लावला, सगळं लिहून. खाली सही केली, अंगठा नाही. अर्ज फेटाळला तर दिल्लीला जाईन. यांच्या वाटची शिक्षा असेल तेवढी आम्ही भोगू. मालकाच्या वाटची एक दिवससुद्धा भोगणार नाही.