भिकूनं सोडलेला घोडा

भिकू ढमाले बोलायचा कमी आणि आठवायचा फार. परवाच्या बाजारात कुणाच्या अंगात कुठला सदरा होता, तेही सांगेल. आणि बुद्धिबळाचा डाव? तो एकदा खेळला की भिकूच्या डोक्यात कोरला जायचा. दुसऱ्या दिवशी भात झोडपता झोडपता सगळ्या चाली ओळीनं म्हणून दाखवायचा.

मुळशीत त्याच्या तोडीचा खेळणारा एकच. म्हसू धनगर. दिवाळी सरली, भातं निघाली, की म्हसू मेंढरं घेऊन यायचा आणि भिकूच्या रिकाम्या खाचरात वाडा मांडायचा. मेंढरं बसली की रान खतावतं, म्हणून धनगराचा वाडा आपल्याच रानात यावा असं प्रत्येकाला वाटतं. पण वीस वर्षं म्हसूनं दुसऱ्याच्या रानाकडे पाहिलं नव्हतं, आणि वीस वर्षं भिकूच्या पटासमोर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

अठ्ठावन्न सालच्या पौषात पौडच्या शाळेत तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. भिकू एकेकाला हरवत शेवटच्या डावापर्यंत पोचला. समोर आले रस्त्याच्या खात्यातले ओव्हरसियर देवस्थळी. मुळशीची वीस-पंचवीस माणसं पाहायला गेली होती, म्हसू भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा होता. जिंकत आलेला डाव भिकू हरला. आणि आठव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ भैरू त्याच ओव्हरसियरच्या हाताखाली मैलकुली म्हणून रस्त्याच्या कामावर लागला.

गावानं दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. म्हसूही बोलला नाही.

एके सकाळी रत्नाबाई, म्हणजे भिकूची बायको, लेंड्या आणायला पाटी घेऊन खाचराकडे गेली ती रिकामी पाटी घेऊन परत आली.

‘अवो, वाडा उठला.’

‘कुनाचा?’

‘कुनाचा म्हंजे? म्हसूभावजींचा. मेंढरं न्हाईत, जाळी न्हाई. चुलीचं तीन दगूड तेवढं हायेत. बहिरू शेलाराच्या रानात तट्टू उतरीवलंय म्हनं.’

भिकूनं विळा खाली ठेवला. ‘आजून सा दिस बसनार हुती मेंढरं.’

‘मला काय सांगताय? त्येंना इचारा. आन त्येंना इचारायचं नसंल तर मला तरी सांगा. घोडा का सोडला?’

‘तुला कुनी सांगितलं घोड्याचं?’

‘अवो, पानवट्यावर बाया उंट-हत्ती बोलाय लागल्यात! सगुनाबाईला परवापातुर प्यादं म्हंजे काय ठावं नव्हतं, ती बी म्हनती, घोडा फुकट हुता. मी खाली मान घालून घागर भरतीया.’

भिकू उठला. खुंटीवरचा कापडी पट काढला, सोंगट्यांची पिशवी घेतली आणि बांधाबांधानं शेलाराच्या रानाकडे निघाला. रत्नाबाईनं हाक मारली नाही. तिला दिसलं होतं, की नवऱ्याचे ओठ हलताहेत. तो चाली म्हणत होता.

म्हसू जाळीच्या मेखा ठोकत होता. त्याची बायको भागूबाई चुलीपुढे. भिकू येऊन उभा राहिला तरी म्हसूचा दगड मेखेवर पडतच राहिला.

‘म्हस्वा.’

‘बस म्हनाय ह्ये माजं रान न्हाई.’

‘पट आनलाय.’

‘मी खेळत न्हाई.’

‘खेळायचं न्हाई. पौडचा डाव मांडतो. पयल्या चालीपासनं. मी कुटं इकला त्ये तू दाव. दावलंस, तर माज्या खाचरात पुन्यांदा पाऊल टाकू नगं.’

दगड थांबला. ‘आन न्हाई दावता आलं तर?’

‘तर आजच्या आज वाडा माघारी.’

म्हसूनं दगड टाकला, हात धोतराला पुसले आणि पटापासून दोन हात लांब उकिडवा बसला. बैठक मारली नाही. पाहुण्यासारखा बसला.

भिकू मांडू लागला. दोन्ही बाजूंच्या चाली तोच करत होता, पांढऱ्याच्या स्वतःच्या, काळ्याच्या साहेबाच्या.

‘प्यादं दोन घरं.’

‘दोन,’ म्हसू म्हणाला. गावच्या खेळात प्यादं कधीच दोन घरं जात नाही. पौडला मात्र नवे नियम होते, परदेशातले.

‘त्येचं बी दोन. माजा घोडा. त्येचा घोडा. उंट.’

दहाव्या चालीला भिकूनं राजा आणि हत्ती एकमेकांना ओलांडून ठेवले.

‘किल्लेकोट,’ म्हसू म्हणाला. ‘ह्यो बी नवाच नियम. बिनचूक केलास. सायेब बी हसला हुता, खेड्यातल्या मानसाला येतंय म्हनून.’

हत्ती गेले, वजीर गेले. पट मोकळा होत गेला तसा म्हसू नकळत पुढे सरकत गेला. अडतिसाव्या चालीला भिकूचा हात थांबला.

साहेबाचा राजा कोपऱ्यात. एक घोडा आणि डाव्या अंगाला एक प्यादं, वजीर व्हायला एकच घर कमी. भिकूचा उंट पटाच्या मधोमध, त्या शेवटच्या घरावर नजर ठेवून. एक प्यादं साहेबाच्या राजाकडे निघालेलं. आणि भिकूचा राजा त्या घोड्याला अगदी खेटून. घोड्यापाठीमागे कुणी नाही.

‘मार,’ म्हसू म्हणाला.

‘न्हाई मारला.’

‘त्येच इचारतोय. का?’

भिकूनं मान खाली घातली. ‘बुर्जी.’

गावच्या खेळात समोरच्याचं शेवटचं मोठं मोहरं मारलं, की बुर्जी होते. जिंकत आलेला डाव बरोबरीत सुटतो. म्हणून शहाणा खेळणारा शेवटचं मोहरं जगवतो, आणि मग मात करतो.

‘इस वर्साची सवय,’ भिकू म्हणाला. ‘हात थांबला.’

‘सवय?’ म्हसूचा आवाज चढला नाही, उलट उतरला. ‘प्यादं दोन घरं चालीवलंस, तवा सवय कुटं गेलती? किल्लेकोट केलास, तवा? मास्तरांनी कागद वाचला, बुर्जी न्हाई म्हनून. अख्ख्या शाळंत तू एकट्यानं हात वर केलास. इचारलंस, मंग नुसता राजा ऱ्हायला तरी खेळत बसायचं व्हय? इचारलंस का न्हाई?’

‘इचारलं.’

‘झालं तर. दावलं मी.’

म्हसू उठला. मेखेपाशी टाकलेला दगड उचलला. भागूबाईनं चुलीवरचं कालवण उतरवलं आणि तशीच धरून बसली. वीस वर्षं तिनं या दोघांना ओरडून जेवायला उठवलं होतं, आज तिला कुणाला हाक मारावी ते कळेना.

‘थांब,’ भिकू म्हणाला. ‘खोटं बोललो.’

‘त्ये मला कळलं.’

‘तसं न्हाई. बुर्जीचं खोटं. घोडा मला दिसला. मारता येतोय, त्ये बी दिसलं. मारला तर डाव माजा, ह्ये बी ठावं हुतं.’

‘मंग इकलास की रं!’

‘न्हाई! बस खाली. हात जोडतो, बस.’

म्हसू बसला नाही. उभ्यानंच पाहू लागला.

भिकूनं घोड्याला हात लावला नाही. प्यादं एक घर पुढे सरकवलं. ‘ही माजी चाल. आता घोड्याला पळायला घरं मोज.’

‘सा.’

‘एकेक बघ.’

म्हसू वाकला. ‘ह्या घरावर तुजा राजा. ह्येच्यावर बी राजा. हितं उंट. हितं बी उंट. हितं प्यादं, त्येच्या पाठीशी उंट.’ तो थांबला. ‘एकच ऱ्हायलं. त्येच्या राजाच्या बगलंत.’

‘गेला तितंच. जानारच हुता. आता माजा राजा दोन चालीत हितं, प्याद्याला लागून. आन मंग प्यादं आजून एक घर.’ भिकूनं प्यादं ठेवलं. ‘सांग सायबाच्या राजाला घर.’

म्हसू पाहत राहिला. एका अंगाला राजाचा स्वतःचाच घोडा आडवा. दुसऱ्या घरावर उंटाची नजर. पुढे शह देणारं प्यादं, आणि त्याला मारावं तर मागे भिकूचा राजा. म्हणूनच घोडा जिवंत हवा होता. तो मेला असता तर राजाला वाट मिळाली असती.

‘प्यादेमात,’ म्हसू पुटपुटला.

सगळ्यात हलक्या सोंगटीनं राजा कोंडायचा. यापेक्षा मोठा मान त्यांच्या खेळात नव्हता. वीस वर्षांत म्हसूनं भिकूला तीनदा प्यादेमात दिली होती. भिकूनं म्हसूला एकदाही नाही. आणि दर दिवाळीला पट उलगडताना म्हसू विचारायचा, यंदा तरी देतूस का?

‘तू भिंतीला टेकून उभा हुतास,’ भिकू म्हणाला. ‘तुज्याम्होरं करायची हुती.’

‘आन मंग?’

‘राजा वर नेला. त्येच्या घोड्यानं उडी मारून शह दिला. राजावर आन उंटावर एकदम. उंट गेला. त्येचं प्यादं मोकळं सुटलं, वजीर झाला.’

म्हसू आता खाली बसला, पण तोंड पटाकडे नव्हतं.

‘भैरूसाटी इकला असतास,’ तो म्हणाला, ‘तर मी वरीसभर बोललो नसतो. पर समाजलो असतो. भाव हाय. पोटाला पायजे. आन तू? गावाचा डाव मला दावायला घालीवलास?’

‘व्हय.’

‘भैरूचं काम कसं लागलं?’

‘अर्ज चार म्हयन्यामागं दिलता. पावसाळ्यात. मला तर सायबाचं नाव बी तितं पटावर बसल्यावर कळलं.’

‘मंग ह्ये गावाला का न्हाई सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर इचारलं असतं, मंग घोडा का सोडला?’

‘आन त्ये सांगायची लाज?’

‘व्हय.’

‘डाव इकला म्हनत्यात, त्येची न्हाई वाटली लाज?’

भिकूनं पटाची दुमडलेली कड सरळ केली. ‘त्येची कमी वाटली.’

भागूबाईनं कालवण खाली ठेवलं.

म्हसूनं हात पुढे केला, प्यादं एक घर मागे घेतलं, भिकूचा राजा आधीच्या घरात परत आणून ठेवला. घोडा कोपऱ्यातल्या राजाच्या बगलेत. ‘हितनं राजा वर का नेलास?’

‘जवळची वाट.’

‘वर गेलास म्हनून टापंखाली आलास. आरं, तिरका माघारी ये की एक घर.’ त्यानं राजा मागे ठेवला. ‘आता घोड्याची ही उडी बंद, ही बी बंद. शह द्यायला जागा ऱ्हायली का?’

भिकू बघत राहिला. चाळीस चाली पाठ असलेला माणूस. पण घरी रोज मनात मांडताना त्यानं राजा प्रत्येक वेळी वरच नेला होता. ‘आन कडंला उडाला तर?’

‘उडू दे. कवा तरी माघारी येईल.’

‘तवर त्येचं प्यादं?’

‘उंट कशाला हाय तुजा? झोपलाय?’ म्हसूनं बैठक मारली, काळी बाजू आपल्याकडे ओढली आणि न पाहताच म्हणाला, ‘भागे, ती मेख.’

‘ठोकू का उपटू?’

‘उपट.’

‘सकाळधरनं ठोकतुया, आता उपट,’ भागूबाई करवादली, पण पदर खोचून उठली ती लगेच.

तेवढ्यात रानाचा मालक बहिरू शेलार बांधावरून आरोळी देत आला. पहिली मेख उपटलेली त्याला लांबूनच दिसली होती. ‘अरं म्हसू! सकाळी आलास आन लगी निगालास? काय कमी पडलं माज्या रानात?’ मग त्याला भिकू दिसला, पट दिसला. ‘ह्यो हितं कशाला? आता तुला बी काय इकलं का ह्येनं?’

म्हसू उत्तर देईल म्हणून भिकूनं त्याच्याकडे पाहिलं. म्हसू पटाकडे पाहत होता. मानसुद्धा हलवली नाही.

भिकू उभा राहिला. ‘बहिरूबा, डाव मी इकला न्हाई. घोडा मारला असता तर जितलो असतो. पर मला प्यादेमात करायची हुती. म्हसूला दावायला. त्यात मी पडलो.’

बहिरूला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तो असा हसला की जाळीतली मेंढरं एकदम एका कोपऱ्यात दाटली. ‘मिरवाय गेला!’ तो मांडीवर थाप मारत म्हणाला. ‘गाव म्हनतंय इकला, आन ह्यो मिरवाय गेला! थांब, सांगतोच समद्यांना!’

‘सांगा,’ भिकू म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बहिरू गावाच्या दिशेनं गेलासुद्धा. बांधाच्या वळणापर्यंत त्याचं हसू ऐकू येत होतं. म्हसू हसला नव्हता. त्यानं काळा घोडा उचलून कडेच्या घरात ठेवला.

‘बस,’ तो म्हणाला. ‘तुजी चाल हाय.’