बोरगावचं इंजिनघर आणि दाजींच्या गप्पा

आक्काचा फोन आला. "तुझ्या दाजींनी हिरीवरचं इंजिनघर नीट कराय काढलंय बघ. ये आन समजाव त्यास्नी."

दाजींना समजवायचं तर आधी त्यांना ऐकू यायला हवं. उभी हयात डिझेल इंजिनाशेजारी काढल्यानं त्यांचे कान कामातून गेलेत. कानाचं मशीन कपाटात सुखात असतं. हल्ली तर त्यांनी बोलणंच टाकलंय, आणि आक्काला खरा घोर त्याचाच. मी शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो.

जाणाऱ्यांसाठी: हायवेचं काम चालू आहे, पोहोचायची वेळ कुणालाही सांगू नका. कागल मागे पडलं की पाट्या कन्नड होतात, निपाणी स्टँडवरचा चहावाला मात्र मराठीतच खेकसतो. तिथून बोरगावला बस मिळते, माणसं कोंबून नेणारी वडापची जीपही. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर सरळ डुलकी काढा. मुक्कामाला निपाणीतलं लॉज बघा, नाहीतर आम्ही दिली तशी बहीण बोरगावात देऊन ठेवा.

इंजिनघर म्हणजे विहिरीच्या काठावरची कौलारू खोली. विहिरीत विजेची मोटर उतरली तेव्हापासून तिथं कोंबड्या नांदत होत्या. दाजींनी त्यांना हाकललं, भिंतींना गिलावा केला, गंजलेलं इंजिन खोलून, पुसून पुन्हा जोडलं. मला कौलं बसवायला वर चढवलं आणि दोन-चार फुटल्यावर मुकाट्यानं खाली उतरवलं.

दुपारी बांधावर शाळूची भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा. "दाजी, हा उपद्व्याप कशासाठी?" मी कानाशी ओरडलो. शेजारच्या शेतातले बगळे उडाले. दाजी जेवत राहिले.

रविवारी आक्कानं इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मला म्हणाली, "सुरू न्हाय झालं तर भंगारात घालणार हाय." मग खोरं घेऊन ती पाटाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. दाजींनी हँडल मारलं. काही नाही. मी मारलं, खांदा निखळायचा राहिला. दाजींनी पुन्हा मारलं आणि काळा धूर ओकत इंजिन धडधडलं. ताज्या गिलाव्याचा पोपडा माझ्या डोक्यात पडला. "बंद करा!" मी बोंबललो, पण माझं मलाच ऐकू येईना.

पाटाला पाणी लागलं तसे दाजी दारात गेले. हात उंच करून मनगट फिरवलं. लांबून आक्कानं खोऱ्यानं बांध फोडून पाणी पुढच्या सरीत घेतलं. दाजींनी पोट थोपटलं. तिनं हातानं भाकरी थापून दाखवली. मग दोघांचे हात भराभर चालू लागले. मी धावत तिच्याकडे गेलो.

"काय चाललंय गं?"

"इंजिनापुढं कुणाला काय ऐकू येतंय? आम्ही असंच बोलायचो. मोटर आली आन ऱ्हायलं ते." ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "आता तुलाच नावं ठेवाय लागल्यात. कौलं फोडलास म्हनं."

मलाही भरून आलं, कौलांचा अपमान धरूनसुद्धा. दाजींनी आडव्या तळहातानं हवा कापली, म्हणजे 'बंद', आणि इंजिन थांबवलं. गप्पा मात्र जेवणं होईपर्यंत चालू होत्या.

पुण्यात परतलो. खांदा अजून दुखतोय. पूर्वी माझा फोन दाजी न बघता आक्काकडे द्यायचे, आता तेच व्हिडिओ कॉल लावतात. परवा मी त्यांना कानाचं मशीन का वापरावं यावर हातवारे करून लांबलचक भाषण दिलं. त्यांनी ते शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं.

मग आडव्या तळहातानं हवा कापली.