विजूताईंचं खरं उत्तर

परदेशी कंपनीचा माणूस तपासणीला यायचा असला, की आदल्या दिवशी विजूताई आम्हा शिलाईवाल्या बायकांची तोंडी परीक्षा घ्यायच्या. "ओव्हरटाइम कुणाच्या मर्जीनं?" "आमच्या." "मागचं दार?" "रोज उघडं असतं." "शाब्बास," असं म्हणून त्या लगेच दुसरीकडे बघायच्या.

विजूताई चामटोली गावच्या भोईरांची मुलगी. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातले कपडे परदेशात जायचे आणि त्या कंपनीचे नियम इथं पाळले जातात, असं दाखवणं हे त्यांचं काम. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावणाऱ्या त्या एकट्याच. शिवाय बाहेरून एम.ए. चाललेलं, रविवारी तास असायचे. विषय जड: देशादेशांतला व्यापार आणि सत्ता. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला, त्यातही मला, समजावायच्या. "एक पंडित म्हणतो, व्यापार वाढू द्या, सगळ्यांचं भलं होईल. दुसरा म्हणतो, ज्याचं राज्य बळकट त्याचंच चालणार. तिसरा म्हणतो, श्रीमंत देश गरिबांना पिळतात. पण मंदा, शर्ट शिवणारीचा हक्क काय, हे पुस्तकात अगदी शेवटी येतं. तोवर मास्तरांचा तास संपतो."

"आपली पण सुट्टी संपली, ताई," माझ्या शेजारच्या मशिनवरची शांता डबा बंद करत म्हणायची.

एके दुपारी इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर जळाली. धूर भरला. आम्ही मागच्या दाराकडे धावलो, तर कुलूप. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन पुढच्या गेटवर. कुणाला काही झालं नाही; पण किल्ली येईपर्यंत विजूताई दोन्ही हातांनी दार बडवत होत्या, ते मला अजून दिसतं.

संध्याकाळी त्या शेठकडे गेल्या. मी बरोबर होते. शेठ तसा वाईट माणूस नव्हता. "काढतो कुलूप. पण माल चोरीला गेला तर कंपनी भरून देणार? हर साल रेट कम करते हैं, और ऊपर से मुझे नीती सिखाते हैं! मी कुठं जाऊ, सांग." कुलूप राहिलं.

पुढच्या तपासणीला दार सकाळीच उघडून ठेवलं. कंपनीच्या माणसानं या वेळी विजूताईंनाच विचारलं, "हे नेहमी उघडं असतं?" आम्ही माना खाली घातल्या.

"आज आहे," विजूताई म्हणाल्या. "रोज कुलूप असतं."

आम्हाला वाटलं, कंपनी शेठला ताकीद देईल. कंपनीनं ऑर्डरच काढून घेतली. असा कारखाना त्यांच्या तत्त्वांत बसत नाही म्हणे. आमची शिलाईची अख्खी लाइन बंद झाली. काम दुसऱ्या देशात गेलं. तिथल्या दारांचं काय, कुणास ठाऊक.

गेटवर शांता सगळ्यांदेखत ओरडली, "तुम्हाला खरं बोलायचं होतं ना? आता माझ्या पोरींना काय घालू?" विजूताईंचीही नोकरी गेली होती, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र वाटेत म्हणाल्या, "गप्प बसले असते तर तुम्ही आत कोंडलेल्या. बोलले तर बाहेर फेकलेल्या. तिसरा रस्ता कुठल्या पंडितानं ठेवलाय गं?"

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "मंदा, बदलापूरला एका कारखान्यात लागलेय. तेच काम. शिलाईला बायका हव्यात."

"ताई, तिथं खरं बोलता येतं?"

त्या जरा बाजूला गेल्या असाव्यात; मागचा मशिनींचा आवाज कमी झाला.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "तू ये तर खरी. शांतालाही आण."

शांता आली. गेटवर विजूताईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही आत गेलो.