पडद्याची बदली

वाळ्याचा वास आला की आजही जयपूरच्या कचेरीतले आमचे साहेब आठवतात आणि तोंड कडू होतं. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीवर मी सही केली, म्हणून ऐन मे महिन्यात त्यांनी माझी कलकत्त्याला बदली काढली. "बदली हा मालकाचा हक्क आहे, कारण विचारायचं नसतं," पान चघळत ते म्हणाले. घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं. दोन दिवसांनी हाच निर्लज्ज माणूस आमच्या दारात उभा राहिला आणि वाळ्याच्या ओल्या, गार पडद्यावरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, हा इथेच ठेवून जा. तिकडच्या दमट हवेत काय उपयोग?" सामान बांधता बांधता ती म्हणाली, "पडद्याचीही बदली झालीय, साहेब. कारण विचारायचं नसतं." कलकत्त्यात पडदा खरोखरच बिनकामाचा ठरला, तरी कुजून गळेपर्यंत आम्ही तो दारावरून काढला नाही.